साहेबांची किरकोळ रजा

लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी पाण्याची तपासणी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न गडहिंग्लजला होतं. पानं मांडून झाली होती, वाढपी बुंदीची परात घेऊन उभे होते, आणि आमचे साहेब मांडवाच्या कोपऱ्यातल्या पिंपापाशी उकिडवे बसून काचेच्या नळीतल्या पाण्यात ड्रॉपरनं औषध टाकत होते. मुलीचा बाप, म्हणजे आमचा हेडक्लार्क, हात जोडून शेजारी उभा. पाण्यात क्लोरीन असलं की त्या औषधानं ते पिवळं होतं. तसं ते झालं. साहेब उठले, नळी अख्ख्या मांडवाला दाखवली आणि म्हणाले, "पाणी झकास हाय. बसा पावणं." मग पंगत बसली. नवऱ्याकडच्या बऱ्याच मंडळींना वाटलं, हा मुलीकडच्यांचा काहीतरी कुळाचार असावा. एका म्हाताऱ्यानं तर नळीला नमस्कार केला.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या ज्या सरकारी प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, तिथले ते मुख्य रसायनतज्ज्ञ. जिल्ह्यातल्या नद्या, ओढे, विहिरी आणि कारखान्यांचं सांडपाणी बाटल्यांत भरून आणायचं, तपासायचं आणि अहवाल द्यायचा, एवढं आमचं काम. साहेब मूळचे आजऱ्याकडचे. पुण्याला जाऊन एम.एस्सी. झाले, पण बोलणं गावाकडचंच ठेवलं. अंगानं किडकिडीत, बुशशर्टाच्या खिशात पेनाच्या जोडीला एक ड्रॉपर, आणि डोक्याला कानटोपी, जी होळी झाली तरी उतरायची नाही. वरचे अधिकारी, कारखान्यांचे मॅनेजर, चहावाला, सगळेच त्यांचे ‘पावणं’. माझी मात्र त्यांच्याकडे दोन नावं होती. मर्जीत असले की ‘पोरी’ आणि रागात असले की ‘म्याडम’. पहिलं वर्षभर मी बहुतेक म्याडमच होते.

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. आमच्या छापील फॉर्मवर ‘गंध’ असा एक रकाना होता आणि त्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं असायचं. साहेबांना तो रकाना बिलकूल मान्य नव्हता. वास आहे म्हणजे काय, जुईचा आहे का मेलेल्या घुशीचा, असं ते विचारायचे. त्यांनी स्वतःची एक दोनशेपानी वही केली होती. गावात गेलं की पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचं, वास कशागत येतोय, आणि त्या जे सांगतील ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं. भिजक्या गोणपाटागत. जळक्या रबरागत. खरजेच्या मलमागत. लिहून झालं की वाचून दाखवायचं, आसंच म्हणालासा न्हवं म्हणून विचारायचं, आणि बाई हो म्हणाली की तिची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. एकदा वरून पत्र आलं की असल्या नोंदींना शास्त्रीय आधार नाही, नाक हे मान्यताप्राप्त उपकरण नाही. साहेबांनी उलट टपाली कळवलं की सदर उपकरण खात्याने पुरवलेले नसले तरी चालू स्थितीत आहे. त्या पत्राची स्थळप्रत आम्ही कितीतरी दिवस एकमेकांना वाचून दाखवत होतो.

चंदगडला नमुने आणायला जायचं म्हणजे बर्फाची पेटी घेऊन एसटीनं जायचं. तिकडचा पाऊस जगाला बुडवणारा, आणि परत येताना गाडीला ही गर्दी. एका कंडक्टरनं पेटी टपावर टाका म्हणून हट्ट धरला. साहेबांनी मुकाट्यानं पेटीचं अर्धं तिकीट काढलं, तिला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः कोल्हापूरपर्यंत उभे राहिले. मध्येच एक जाड गृहस्थ पेटी उचलायला लागले, तर साहेब त्यांना म्हणाले, "राहूंदे पावणं, तिकीट हाय तिचं."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. पण एका बाबतीत त्यांची चेष्टा करायला माझी जीभ कधी रेटली नाही. घातक रसायनांचा कारखाना काढायचा किंवा वाढवायचा तर आधी जाहीर सुनावणी घ्यायची, लोकांचं म्हणणं ऐकायचं, असा नियम त्याच सुमाराला आला. नियम चांगला, पण सुनावणीची सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत छापून यायची. तेवढ्यानं कायद्याचं पोट भरायचं. साहेब ती सूचना पांढऱ्या कागदावर बोटभर अक्षरांत लिहून काढायचे आणि त्या त्या गावच्या दूध डेअरीच्या दारात चिकटवायचे. ग्रामपंचायतीत लावली तर कुणी वाचत नाही, पण दूध घालायला दोन्ही वेळेला अख्खा गाव येतो, हा त्यांचा हिशोब. खाली स्वतःची एक ओळ जोडायचे: ‘ज्याला बोलायचं हाय त्यानं यावं. मराठीत बोललं तरी चालतंय.’ हे त्यांचं काम नव्हतं. ते कुणी सांगितलं की म्हणायचे, मग कुणाचं हाय त्याचं नाव सांगा, त्याच्याकडं कागद चिकटवायची खळ देऊन येतो.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय साहेब पुरे कळायचे नाहीत, आणि ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितलेली नाही.

नमुन्याची साधी बाटली त्याच विहिरीच्या पाण्यानं आधी दोन-तीनदा विसळून घ्यायची असते. पण काही रसायनं वाटेतच नासतात, पाण्यातले जिवाणू ती खाऊन टाकतात. ती टिकावीत म्हणून बाटलीत आधीच आम्लाचे मोजके थेंब घातलेले असतात. अशी बाटली विसळायची नाही, थेट भरायची. विसळली की आम्ल गेलं, आणि मग पाण्यात विष असलं तरी तपासणीत सापडत नाही. अशा बाटल्यांच्या गळ्याला साहेब स्वतःच्या हातानं लाल पट्टी चिकटवायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी हे माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं होतं.

शहरापासून तासाभरावर कीटकनाशकांचा एक कारखाना होता. त्याला उत्पादन वाढवायचं होतं आणि त्यासाठी सुनावणी लागली होती. कारखान्याच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती आणि ती सगळी एका विहिरीवर जगत होती. विहिरीच्या पाण्याला दवाखान्यागत वास येतोय आणि म्हसरं तोंड लावत नाहीत, असं आठ बायकांनी साहेबांच्या वहीत नोंदवलं होतं. साहेबांना संशय होता फिनॉलचा, म्हणजे आपल्या फिनेलच्याच कुळातल्या रसायनाचा. ते पाण्यात निघालं तर कारखान्याला परवानगी मिळणार नव्हती. नाही निघालं तर मिळणार होती आणि वस्ती तेच पाणी पीत राहणार होती. साहेब नेमके चंदगडच्या दौऱ्यावर होते, म्हणून नमुना आणायला मी एकटी गेले.

विहिरीवर दहा-बारा बाया जमल्या. मी लाल पट्टीची बाटली काढली आणि वाकणार, तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "बाई, बाटली इसळून घे की. घाण बाटलीत भरतीस व्हय आमचं पाणी?"

माझ्या आजीला गावच्या विहिरीची पायरी कधी चढू दिली नव्हती. छपन्न साली आमच्या घरानं बुद्धाचा धर्म घेतला, पुढे नळ आले, पण घागर तीनदा खळबळून घेतल्याशिवाय पाणी भरायचं नाही हा आईचा कायदा कायम राहिला. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. आमच्या घरातली भांडी गल्लीत सगळ्यांत लख्ख असायची आणि त्याचा आम्हाला ताठा होता. आता मी सरकारी माणूस म्हणून एका विहिरीवर उभी, आणि भर चारचौघींत कुणीतरी माझ्या हातातल्या भांड्याला घाण म्हणतंय. माझा हात आपोआप चालला. एकदा, दोनदा, तीनदा. लाल पट्टी माझ्या अंगठ्याखालीच होती.

परतीच्या एसटीत बोटं चुरचुरायला लागली आणि बाटलीतलं आम्ल मी विहिरीवरच ओतून दिलं हे ध्यानात आलं. पुढच्या थांब्यावर उतरून परत जायला हवं होतं. मी उतरले नाही. नोकरीत कायम व्हायला दोन महिने राहिले होते. आमच्या घरात सरकारी पगार आणणारी मी पहिली. उद्या सांगू, असं म्हटलं. उद्या रविवार, परवा कसलीशी सुट्टी, आणि तिसऱ्या दिवशी सांगायला तोंड उघडेना. पुढच्या आठवड्यात अहवाल निघाला. ‘फिनॉल : आढळले नाही.’ साहेब दौऱ्यावर असल्यामुळे सही दुसऱ्या अधिकाऱ्यानं केली.

कारखान्यानं त्या अहवालाच्या झेरॉक्स काढून वस्तीत वाटल्या. एक तर डेअरीच्या दारात, साहेबांच्या सूचनेच्या शेजारी नेऊन लावली.

साहेब परतले ते सुनावणीच्या आदल्या दिवशी. अहवाल आणि आपली वासांची वही शेजारी शेजारी ठेवून बसले. दुपारपर्यंत वहीची पानं मागेपुढे करत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, आठ बाया व्हय म्हणत्यात आनि मशीन न्हाय म्हणतंय. कोण खोटं बोलालंय? मला ते ऐकवेना. मी टेबलापाशी गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. रडू येत होतं, ते येऊ दिलं.

साहेबांनी मान वर केली नाही. "किती दिवस झालं, कळून?"

"त्याच दिवशी कळलं. एसटीत."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "म्याडम, जा. तोंड धुवा."

ते तसेच उठून वरच्या साहेबांकडे गेले. अहवाल मागे घ्यावा म्हणून लेखी दिलं. वरचे साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना खात्याच्या अब्रूची काळजी फार. सुनावणी होऊ द्या, मग सावकाश फेरतपासणी करू, असं ते म्हणाले. आणि उद्या तुम्ही तिकडे फिरकू नका, हा आदेश समजा, असंही म्हणाले. साहेब बरं म्हणाले, जागेवर आले आणि एका दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘सार्वजनिक काम’. आवकजावकच्या कारकुनाकडून पोच घेतली, ती घडी करून खिशात घातली आणि जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या तुमी या. मागं बसा."

सुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात, मांडव घालून. पुढे स्टेजवर जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी अध्यक्ष, शेजारी खात्याची माणसं, बाजूला कारखान्याचा मॅनेजर आणि दोन वकील. समोर सतरंजीवर वस्ती. मी अगदी मागे, खांबाला टेकून. साहेब बोलणाऱ्यांच्या रांगेत उभे होते, डोक्याला कानटोपी, हातात दोन कागद. त्यांच्या पुढे ती विहिरीवरची म्हातारी होती.

म्हातारीनं माइक कसाबसा धरला आणि पाण्याला दवाखान्यागत वास येतोय म्हणून सांगितलं. मॅनेजर उठला. माणूस गोड बोलणारा होता. त्यानं अहवालाची प्रत उंच धरली आणि म्हणाला, "आजी, हे आम्ही नाही म्हणत. तुमचं सरकारच सांगतंय की पाणी चांगलं आहे." म्हातारीनं त्या कागदाकडे पाहिलं. तिला तो वाचता येत नव्हता. ती माइक देऊन खाली बसली, आणि माझ्या मनात आलं की आता जमीन दुभंगली तर बरं.

मग साहेब माइकपाशी आले. अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण? साहेब म्हणाले, जिल्ह्याचा रहिवासी, इथलं पाणी पितो. वकिलांनी त्यांना ओळखलं. हे सरकारी नोकर आहेत, यांना बोलता येणार नाही, म्हणून हरकत घेतली. साहेबांनी खिशातनं पोच काढली आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, आज रजेवर हाय. मांडवात खसखस पिकली. अध्यक्षांनाही हसू आवरलं नाही. बोला, पण थोडक्यात, असं ते म्हणाले.

"आजी खरं बोलत्यात," साहेब म्हणाले. "ह्या पावण्यांच्या हातातला कागद निकामी हाय. बाटलीत आम्ल आसाय लागतंय, ते आमच्या लॅबच्या चुकीनं सांडलं. म्हणून फिनॉल घावलं न्हाय. लॅबचा मुख्य मी हाय, तवा चूक माझी हाय. तो कागद काढून टाका आनि नवा नमुना घ्या."

अध्यक्ष पुढे झुकले आणि त्यांनी विचारलं, नेमकी कुणाच्या हातून चूक झाली? मी खांब घट्ट धरला. साहेबांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "सांगितलं की साहेब. माझ्या लॅबच्या." अध्यक्षांनी पुन्हा तोच प्रश्न केला, साहेबांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, अगदी त्याच आवाजात. मग ते दुसरा कागद वाचायला लागले, तेवढ्यात वकिलांनी वेळेवरून आरडाओरडा केला. अध्यक्ष म्हणाले, उरलेलं लेखी द्या, आम्ही वाचू. साहेबांनी दोन्ही कागद दिले, त्यांचीही पोच मागून घेतली आणि सतरंजीवर वस्तीच्या माणसांत जाऊन बसले. म्हातारीनं सरकून त्यांना जागा करून दिली.

मी सरकारी नोकरीत अनेक सत्कार पाहिले, शाली आणि नारळ पाहिले. पण त्या सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माणसाइतका मोठा माणूस मी पाहिला नाही. हा आपला साहेब आहे, या विचारानं तशा शरमेतही माझी छाती भरून आली होती.

चार दिवसांनी आदेश आला. जुना अहवाल रद्द, नवा नमुना वस्तीसमक्ष घ्यावा, आणि तो घ्यायला माझं नाव. मी हबकले. वाटलं, साहेबांनी नाव झाकलं तरी वर कळलंच शेवटी, आणि आता सगळ्या गावापुढे उभं करून माझी नाचक्की करणार. साहेबांना विचारलं तर म्हणाले, आदेश हाय, जावा. विहिरीवर या खेपेला शंभर माणूस. मी लाल पट्टीची बाटली उंच धरून सगळ्यांना दाखवली, ही विसळायची का नसते ते समजावून सांगितलं, आणि भरली. एक थेंबही सांडला नाही. त्याचं मलाच नवल वाटलं.

फिनॉल निघालं, आणि चांगलंच निघालं. कारखान्याची वाढ अडली. त्याचा सांडपाण्याचा खड्डा तळातून पाझरत होता, तो उकरून नव्यानं बांधावा लागला. विहिरीवर पाटी लागली आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत वस्तीला नळ आला. साहेबांना मेमो आला, आदेश असताना सुनावणीला का गेलात म्हणून. कचेरीत ‘जनतेचे अभिप्राय’ असा एक फळा होता, त्यावर कधीच काही नसायचं. साहेबांनी तो मेमो टाचण्या मारून तिथे लावला. कुणीतरी पहिल्यांदा अभिप्राय दिलाय, म्हणाले. महिन्याभरात बदली झाली, पार विदर्भात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकले आणि म्हणाले, "म्याडम, त्या फडताळातल्या बाटल्यांच्या पट्ट्या सुटाय लागल्यात. नव्या लावा." जाता जाताही मी म्याडमच राहिले, हे मला फार लागलं. निवृत्तीनंतर ते आजऱ्याला परतल्याचं कळलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि एक दिवस ते गेल्याचीच बातमी आली.

पुढे माहितीचा अधिकार आला. तोवर मी विभागीय कचेरीत वरच्या जागेवर होते. एक दिवस त्या वस्तीतला एक तरुण शिक्षक अर्ज घेऊन आला. कारखाना पुन्हा वाढीची परवानगी मागत होता आणि शिक्षकाला जुन्या सुनावणीतल्या सगळ्या लेखी निवेदनांच्या प्रती हव्या होत्या. फाईल माझ्या टेबलावर आली. मी त्याच्यासमोरच एकेक कागद उलटत होते, आणि मधेच साहेबांचं अक्षर आलं. बोटभर, डेअरीच्या दारातल्यासारखं. पहिला कागद मी मांडवात ऐकला होता. दुसरा तेव्हा वाचायचा राहिला होता.

त्यात लिहिलं होतं: ‘सदर चूक आम्हांस कोणी पकडून दाखवलेली नाही. नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्याने ती आपण होऊन सांगितली. उशिरा सांगितली, पण नोकरी जाण्याची भीती असताना सांगितली. पाणी तपासायला असाच माणूस लागतो. सबब विनंती की नवा नमुना त्याच कर्मचाऱ्याच्या हातून घ्यावा.’ खाली सही, आणि हुद्द्याच्या जागी ‘नागरिक’.

इतकी वर्षं मी त्या दुसऱ्या खेपेला शिक्षा समजत आले होते. डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत. शिक्षकानं माझ्या हातातला कागद घेतला, सावकाश वाचला आणि चाचरत विचारलं, "मॅडम, हा कर्मचारी कोण होता हो?"

"मी," मी म्हटलं. "आणि लिहिणारे माझे साहेब."